साठवणीच्या धान्यातील कीड : पाला, तेल, राख आणि माती कशी वापरावी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मिरगाचा पाऊस एकदा धरला की पुढचे तीन महिने घराच्या भिंतींना घाम सुटल्यासारखा ओलावा राहतो, आणि श्रावणात मसुराचा डबा उघडावा तर दाण्यादाण्याला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके दिसतात. त्याच जिल्ह्यात अथणी-रायबागच्या बाजूला पाऊस तुटक, हवा कोरडी, आणि तेथला शाळू बेताच्या राखणीवरही बराच काळ टिकतो. म्हणून शेजाऱ्याच्या किंवा पाहुण्यांच्या घरी चाललेला उपाय आपल्या घरी तसाच चालेल, असे गृहीत धरू नये. हा लेख प्रथमच वर्षाची बेगमी भरणाऱ्यांसाठी आहे. ते धान्य घरच्या शेतातले असो वा बेळगावच्या रविवार पेठेतून आणलेले असो, पद्धत फारशी बदलत नाही.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. कडुनिंबाचा पाला, तेलाचा हात, शेणीची राख, तांबडी माती ही सर्व राखणीची साधने आहेत. वाळलेल्या, निवडलेल्या आणि किडीपासून मोकळ्या धान्याला ती पुढे कीड लागू देत नाहीत, पण ओलसर भरलेल्या किंवा आतून आधीच पोखरलेल्या धान्याला ती वाचवू शकत नाहीत. पाला घालूनही धान्य किडले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे धान्य पाला घालण्यापूर्वीच किडलेले असते, असा माझा अनुभव आहे.

कीड कोणती, हे आधी पाहावे

घराघरांत सर्वच किड्यांना पोरकिडे किंवा टोके म्हटले जाते, परंतु उपाय निवडताना त्यांतला फरक कळणे आवश्यक आहे.

तांदूळ, गहू, ज्वारी आणि मका यांत दिसणारा, तोंडाला लांब सोंड असलेला तपकिरी-काळा किडा म्हणजे सोंडा. त्याची मादी दाण्याला बारीक छिद्र पाडून आत अंडे घालते आणि ते छिद्र चिकट द्रवाने बुजवून टाकते, त्यामुळे वरून दाणा पूर्ण निरोगी दिसतो. अळी आतच वाढते, आतच कोष करते, आणि पावसाळ्याच्या उबदार, दमट हवेत साधारण महिनाभरात नवा सोंडा दाणा फोडून बाहेर येतो. आपल्या डोळ्यांना चार सोंडे दिसतात तेव्हा त्यांच्या कितीतरी पट अळ्या दाण्यांच्या पोटात असतात. म्हणून वरचे किडे चाळून टाकले आणि निश्चिंत झालो, असे होत नाही.

मसूर, हरभरा, मूग, चवळी, वाटाणा यांवरचा भुंगेरा निराळा. तो आखूड, फुगीर आणि सोंडेविना असतो. त्याची मादी अंडे दाण्याच्या आत न घालता सालीवर चिकटवते. ताजे अंडे जवळजवळ पारदर्शक असते आणि सहजी दिसत नाही. अळी अंड्यातून खालच्या बाजूने थेट दाण्यात शिरते आणि मागे राहिलेले कवच तिच्या भुशाने भरून पांढरे होते. मूठभर मसूर उन्हात तळहातावर घेऊन पाहिला, तर खसखशीपेक्षाही बारीक असे पांढरे ठिपके दिसतात. ठिपका पांढरा दिसला म्हणजे अळी आत पोहोचली, असे समजावे. या किडीची सुरुवात पुष्कळदा शेतातच, पक्व शेंगांवर होते. त्यामुळे आमचे धान्य घरचे आहे, त्यात कीड कोठून येणार, हा युक्तिवाद कडधान्याच्या बाबतीत टिकत नाही.

तिसरा प्रकार तांबड्या भुंगेऱ्याचा. तो रवा, पीठ, कणी आणि फुटलेल्या दाण्यांवर वाढतो. अखंड, निरोगी दाणा त्याला सहसा फोडता येत नाही. धान्य नीट पाखडून कणी आणि भुसा काढला तर त्याचे निम्मे अन्न तेथेच संपते. गव्हात केसाळ अळ्या आणि त्यांच्या सालपटांचा थर दिसला तर तो खपरा भुंगेरा होय. त्याच्या अळ्या भिंतीच्या फटीत अन्नाविना वर्षानुवर्षे तग धरतात, म्हणून तेथे धान्याइतकेच खोलीकडेही लक्ष द्यावे लागते. रव्यात किंवा तांदळात दाणे एकमेकांना चिकटून जाळी धरली असेल तर ते काम पतंगाच्या अळीचे असते.

सोयाबीनला साठवणीत किडीचा त्रास तुलनेने कमी होतो. तेथे चिंता उगवणशक्तीची असते आणि तो वेगळा विषय आहे.

वाळवण

सर्व उपायांत अधिक श्रम आणि अधिक फळ याच पायरीला आहे. धान्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आणि कडधान्यातील १० टक्क्यांच्या आसपास आणला, तर कीड लागलीच तरी तिची वाढ मंदावते आणि बुरशी धरत नाही. ओलावा मोजण्याचे यंत्र धान्याच्या व्यापाऱ्यांकडे आणि बाजार समितीत असते. ते हाताशी नसेल तर दोन घरगुती खुणा उपयोगी पडतात. पहिली खूण दाताखालची. दाणा चावल्यावर कडक आवाज करून फुटला पाहिजे, दबून चपटा होता कामा नये. दुसरी खूण मिठाची. कोरड्या काचेच्या बाटलीत तव्यावर भाजून गार केलेले दोन चमचे बारीक मीठ घालावे, बाटलीचा तिसरा हिस्सा धान्याने भरावा, झाकण लावून मिनिटभर हलवावे आणि थोडा वेळ ठेवावे. मीठ काचेला चिकटून राहिले तर ओलावा सुमारे १५ टक्क्यांहून अधिक आहे. मीठ मोकळे पडले तरी काम झाले असे मानू नये, कारण ही चाचणी १५ आणि १२ टक्क्यांतला फरक दाखवत नाही. त्यानंतर आणखी दोन दिवस कडक ऊन द्यावे.

वाळवण जमिनीवर थेट न घालता ताडपत्रीवर घालावे, थर दोन बोटांहून जाड नसावा, आणि दर तासा-दोन तासांनी हात फिरवून खालचे दाणे वर आणावेत. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी ते झाकून किंवा आत घ्यावे.

साध्या उन्हाने मोठे किडे पळतात, मात्र दाण्यातल्या अळ्या पुष्कळदा वाचतात. त्यांच्यासाठी ऊन कोंडावे लागते. गच्चीवर किंवा खळ्यात पिंजराचा, म्हणजे भाताच्या काडाचा, पातळ थर अंथरावा, त्यावर काळे प्लास्टिक, त्यावर आधीच वाळवलेल्या धान्याचा २ ते ३ सेंटिमीटरचा थर, आणि सर्वांवर पारदर्शक प्लास्टिक पसरून कडा दगडांनी दाबाव्यात. मार्च ते मे या काळात निरभ्र दुपारी आतले तापमान सहज चढते. दाण्यांचे तापमान ५७ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊन तासभर टिकले तर कडधान्यातील भुंगेऱ्याची अंडी, अळ्या आणि कोष सर्व मरतात. चार-पाच तास तसेच ठेवले की तो तासभर पदरात पडतो. धान्य ओले असेल तर मात्र हा प्रयोग करू नये, कारण सुटलेली वाफ प्लास्टिकला लागून परत दाण्यांवर ठिबकते. बियाण्याचे धान्य असेल तर आधी थोड्या दाण्यांवर हे करून, ओल्या फडक्यात १०० दाणे गुंडाळून किती उगवतात ते पाहावे.

उन्हातून काढलेले धान्य रात्रभर घरात पसरून पूर्ण गार करावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरावे. हे वाक्य मी स्वतःच्या चुकीतून लिहीत आहे. एका मे महिन्यात वळवाचे ढग आले म्हणून गच्चीवरचा गरम गहू तसाच घाईघाईने पत्र्याच्या पिंपात ओतला आणि झाकण घट्ट लावले. आठवड्याने उघडले तेव्हा झाकणाच्या आतल्या बाजूला दवाचे थेंब होते, वरच्या चार बोटे गव्हाचे गोळे झाले होते आणि त्याला कुबट वास येत होता. पाला त्यात पुरेसा घातलेला होता, पण त्याचा काहीच उपयोग झाला नाही.

जागा आणि भांडी

नवे धान्य जुन्या धान्यावर कधीही ओतू नये. पिंप, डबे, कणगी रिकामी करून, कोपऱ्यांतला भुसा ब्रशने काढून कडक उन्हात ठेवावीत. कणगी शेणमातीने नव्याने सारवून ती पूर्ण वाळल्यावरच भरावी. भिंतीच्या फटी बुजवून चुना द्यावा. जुनी बारदाने उलटी करून झटकावीत आणि उकळत्या पाण्यातून काढावीत, किंवा निंबोळी अर्कात अर्धा तास भिजवून वाळवावीत. त्या अर्कासाठी १० लिटर पाण्यात निंबोळीच्या बीतल्या गराची अर्धा किलो भरड रात्रभर भिजवून सकाळी फडक्याने गाळून घ्यावी. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर रचावीत.

भात तांदूळ करून ठेवण्यापेक्षा भाताच्या रूपातच साठवावे आणि लागेल तसे गिरणीतून काढून आणावे. तूस शाबूत असलेल्या दाण्यात सोंड्याला सहजी शिरता येत नाही. बासमती असो वा इंद्रायणी, सर्व भातांना हे लागू आहे. त्याचप्रमाणे अख्ख्या कडधान्याची डाळ करून ठेवली की भुंगेऱ्याचा त्रास पुष्कळ कमी होतो, कारण त्याला अंडी घालण्यासाठी गुळगुळीत, गोलसर साल हवी असते.

खानापूरसारख्या ओल्या पट्ट्यात पोत्यातले वाळलेले धान्यही पावसाळ्यात हवेतला दमटपणा ओढून घेते. तेथे घट्ट झाकणाचे पिंप किंवा आत जाड प्लास्टिकची पिशवी असलेले पोतेच वापरावे. भांडे काठोकाठ भरलेले असावे. आत हवा कमी राहिली की उरलेसुरले किडे तेवढा प्राणवायू संपवून गुदमरतात. यासाठीच मोठे पिंप रोज उघडू नये. पंधरा दिवसांचे धान्य लहान डब्यात काढून घ्यावे. अथणीकडच्या जुन्या पेवांचे, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या कोठारांचे, तत्त्वही हेच होते. जेथे अशी पेवे अजून वापरात आहेत, तेथे तोंड उघडल्यावर बराच वेळ हवा खेळू द्यावी आणि आत दिवा सोडून पाहिल्याशिवाय कोणीही उतरू नये. आत साचलेल्या कोंदट वायूने माणसे दगावतात.

खाण्याचे वेगळे, बियाण्याचे वेगळे

भांडी भरण्यापूर्वी धान्याचे दोन वाटे करावेत आणि डब्यावर खडूने नव्हे, तर न पुसणाऱ्या रंगाने तसे लिहावे. जे पोटात जाणार आहे त्याला फक्त खाद्य तेल किंवा एरंडेल, सावलीत वाळवलेला पाला आणि धुऊन निघणारी स्वच्छ राख एवढेच लावावे. निंबोळीची पूड, करंजाचे तेल, वेखंडाची पूड ही बियाण्यासाठी ठेवावीत. वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे.

वेखंडाचेच उदाहरण घ्यावे. बाळाला उगाळून देतात, मग धान्यात घालायला काय हरकत, असे अनेक जण विचारतात. किड्यांवर वेखंडाची पूड खरोखर प्रभावी आहे. १ क्विंटल बियाण्यास १ किलो पूड हे रूढ प्रमाण आहे. पण त्यातला जो घटक किड्यांना वांझ करतो, तोच प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगाला कारण ठरलेला आहे. अमेरिकेत तर १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास बंदी आहे. दळून रोज खाण्याच्या गव्हात अशी वस्तू मिसळण्याचे काहीच कारण नाही.

कडधान्याला तेल

कडधान्यासाठी मला तेलाइतका खात्रीचा आणि सोपा दुसरा उपाय माहीत नाही. बेळगाव तालुक्यात भात काढल्यावर त्याच ओलीवर मसूर, वाटाणा घेतात. तो फेब्रुवारीच्या सुमारास घरी येतो आणि जूनपर्यंत त्यात भुंगेऱ्याच्या दोन-तीन पिढ्या सहज होऊ शकतात. म्हणून तेलाचा हात वाळवण झाल्याबरोबर द्यावा, पावसाची वाट पाहू नये.

प्रमाण किलोला ५ मिलिलिटर, म्हणजे एक लहान चमचा. १० किलो मसुराला ५० मिलिलिटर तेल पुरते. शेंगदाण्याचे, खोबऱ्याचे, मोहरीचे किंवा एरंडेल यांपैकी कोणतेही चालते. शेंगदाण्याचे तेल वास न लागता सहा महिने निभावते असे नाही. एरंडेल मात्र लवकर खवट होत नाही, म्हणून जास्त काळ ठेवायच्या तुरीला आणि गव्हाला आमच्याकडे एरंडेलच चोळतात. मोठ्या परातीत तीन-चार किलो दाणे घ्यावेत, त्या मापाचे तेल आधी दोन्ही तळव्यांवर घेऊन मग दाणे हातांत रगडावेत आणि खालून वर काढत राहावे. तेल थेट दाण्यांवर ओतले तर जेथे पडते तेथेच मुरते आणि बाकीचे कोरडे राहतात. चार-पाच मिनिटांनी प्रत्येक दाण्यावर अंधूक चमक आली, पण हाताला ओशटपणा फारसा उरला नाही, म्हणजे काम नीट झाले. मग दाणे तासभर सावलीत पसरून भरावेत.

तेल काय करते, हे समजले की प्रमाण का वाढवू नये तेही कळते. सालीवरच्या अंड्याला श्वासासाठी बारीकशी वाट असते. तेलाचा पातळ पापुद्रा ती बुजवतो आणि अंडे किंवा नुकतीच फुटणारी अळी मरते. दाण्यात खोल गेलेल्या अळीपर्यंत तेल पोहोचत नाही. म्हणून पांढरे ठिपके भरपूर दिसत असतील तर आधी वर सांगितल्याप्रमाणे कोंडलेले ऊन द्यावे आणि नंतर तेल लावावे. प्रमाण दुप्पट केल्याने संरक्षण दुप्पट होत नाही. धान्याला वास मात्र येतो आणि बियाण्याची उगवण घटू शकते. बियाण्यासाठी याच प्रमाणात कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल वापरता येते, म्हणजे क्विंटलला अर्धा लिटर.

पाला आणि बिया

कडुनिंब, निरगुडी आणि करंज हे तिन्ही या भागात बांधावर मिळतात. मजुराला किंवा बाजारात विचारायचे झाल्यास कन्नडमधली नावे ठाऊक असावीत. कडुनिंब म्हणजे बेवू, निरगुडी म्हणजे लक्की, करंज म्हणजे होंगे आणि वेखंड म्हणजे बजे. नाव न कळल्याने भलताच पाला घरी आल्याचे मी पाहिले आहे.

पाला सावलीत चार-पाच दिवस, चुरचुरीत होईपर्यंत वाळवावा. ताजा हिरवा पाला धान्यात घालणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. त्यातला ओलावा शेजारच्या दाण्यांत उतरतो आणि पाल्याभोवतीच बुरशी धरते. भांड्याच्या तळाला एक थर, मग वीतभर धान्य, पुन्हा पाला, असे करत सर्वांत वर जाड थर द्यावा. वास उडाल्यावर, म्हणजे दोन-अडीच महिन्यांनी, पाला बदलावा.

येथे अपेक्षा माफक ठेवाव्यात. कडुनिंबातले किडीला आवर घालणारे मुख्य द्रव्य बीमध्ये अधिक असते, पानांत थोडे. पाला किड्यांना परतवतो, मारत नाही, आणि त्यामुळे अर्धवट मिटलेल्या पिंपात त्याचा प्रभाव बेताचाच असतो. बियाण्यासाठी निंबोळीची पूड अधिक भरवशाची आहे. पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गोळा कराव्यात, गर धुऊन काढावा, बिया सावलीत खडखडीत वाळवाव्यात, आणि कवच फोडून आतला गर कुटून पूड करावी. ज्यांचा गर काळपट किंवा बुरसटलेला असेल त्या फेकून द्याव्यात. १ क्विंटल बियाण्याला १ ते २ किलो पूड पुरते.

हळद, सुक्या मिरच्या, लवंग, लसणाच्या पाकळ्या हे लहान डब्यांसाठी ठीक आहे, क्विंटलभर धान्याला त्यांचा उपयोग फारसा नाही. बिब्बे टाकण्याची चाल काही घरांत अजून आहे. त्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, म्हणून लहान मुले असलेल्या घरात मी तो सल्ला देत नाही. डाळीत खडे मीठ घालणे कोरड्या हवेत चालते, मात्र पावसाळ्यात मीठच पाणी ओढते.

राख, वाळू आणि माती

किड्याच्या अंगावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो आणि त्याच्या शरीरातले पाणी त्यामुळेच टिकते. बारीक कोरडी भुकटी हा थर खरवडते किंवा शोषून घेते आणि किडा वाळून मरतो. शिवाय दाण्यांमधल्या पोकळ्या भुकटीने भरल्या की भुंगेऱ्यांना फिरता येत नाही, जोडी जमत नाही आणि अंडी घालायला मोकळी साल मिळत नाही. भुकटी ओली झाली की हे सर्व थांबते, म्हणून खनिज उपाय दमट धान्यात निरुपयोगी ठरतात.

शेणीची किंवा लाकडाची राख पूर्ण जळालेली आणि दोन दिवस थंड झालेली असावी. चाळताना निखाऱ्याचा कण राहिला तर पोत्याला आग लागू शकते. चवळी, मूग, वाल यांच्या बियाण्यासाठी चार मापे दाण्यांत तीन मापे राख मिसळावी, मडक्यात दाबून भरावी आणि वर दोन बोटे नुसत्या राखेचा थर द्यावा. हे प्रमाण ऐकून लोक दचकतात, पण चिमूटभर राखेने पोकळ्या भरत नाहीत. खाण्याच्या कडधान्याला राख लावली असेल तर वापरण्यापूर्वी ते पाखडून दोन-तीन पाण्यांत धुवावे. न धुता दळायच्या गव्हाला राख लावू नये.

भाताच्या तुसाची राख वालुकेने (सिलिकाने) समृद्ध असते आणि किड्यांवर शेणीच्या राखेपेक्षा तीक्ष्ण काम करते. मात्र ती घरच्या चुलीतली, मंद आचेची घ्यावी. वीटभट्टीतली राख फार चढ्या आचेवर जळालेली असल्याने त्यातली वालुका स्फटिकरूप होऊ शकते आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. कोणतीही भुकटी मिसळताना नाका-तोंडाला घट्ट फडके किंवा मास्क बांधणे आवश्यक आहे.

वाळूचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. मडक्यात बियाणे भरून वर नदीच्या बारीक, धुऊन खडखडीत वाळवलेल्या वाळूचा ५ ते ७ सेंटिमीटरचा थर दिला की बाहेरून येणाऱ्या भुंगेऱ्याची वाट बंद होते. आत आधीच असलेल्या किडीवर त्याचा परिणाम नाही.

तुरीच्या बियाण्याला खानापूरकडच्या तांबड्या मातीचा लेप देण्याची रीतही चांगली आहे. माती वस्त्रगाळ करून पाण्यात पातळसर कालवावी, तुरीचे दाणे त्यात घोळून लगेच कडक उन्हात वाळवावेत आणि लेप पूर्ण सुकल्यावर भरावेत. अंडे मातीला चिकटते, सालीला चिकटत नाही, आणि अळीला दाण्यात शिरता येत नाही. ढगाळ दिवशी हे काम काढू नये.

बाजारात मिळणाऱ्या भुकट्यांत दोन सांगण्याजोग्या आहेत. एक म्हणजे सक्रिय केलेली केओलिन माती. तिच्यावर म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत फार पूर्वी काम झालेले आहे, आणि बियाण्यासाठी ती क्विंटलला १ किलो वापरतात. दुसरी म्हणजे डायटमी माती. ही सूक्ष्म जलवनस्पतींच्या प्राचीन कवचांची भुकटी असून किलोमागे १ ते २ ग्रॅम एवढीच लागते. किडे मरायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी निष्कर्ष काढू नये. खरेदी करताना ती अन्नधान्यासाठीची आहे, असे पुडीवर छापलेले असल्याची खात्री करावी. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठी मिळणारी भाजलेली भुकटी दिसायला सारखीच असते, पण धान्यात ती चालत नाही.

हे घालू नये

निपाणीच्या परिसरात तंबाखूची पाने आणि भुकटी सहज हाती लागते आणि धान्याच्या पोत्यात टाकण्याचा मोह होतो. निकोटीन हे तीव्र विष आहे, ते कातडीतूनही शरीरात जाते. खाण्याच्या धान्याजवळ तंबाखू ठेवूच नये. सीताफळाच्या बियांची पूडही किड्यांना मारते, परंतु डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करते, आणि घरात ती कुटण्याचे धाडस करू नये.

तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची पद्धत आपल्या घरांत इतकी रुळलेली आहे की तिला कोणी रसायन समजतच नाही. बोरिक आम्ल खाण्याची वस्तू नव्हे. तांदूळ धुतल्यावर बरेचसे निघून जाते हे खरे, मात्र गहू-ज्वारी न धुताच दळली जाते. पाऱ्याच्या गोळ्यांचेही तेच. पारा खनिज आहे, निसर्गातलाच आहे, आणि विषारीही आहे. राहिल्या धुरीच्या गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाईडमधून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. गोदामात प्रशिक्षित माणसाने करण्याचे ते काम आहे, घरातल्या पिंपात ती गोळी कोणी कितीही आग्रहाने दिली तरी टाकू नये.

भरल्यानंतर

उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि जून ते ऑक्टोबर या काळात दर पंधरा दिवसांनी पाहणी करावी. पिंपात कोपरापर्यंत हात घालावा. आत ऊब लागली तर कीड किंवा बुरशी कामाला लागली आहे, कारण असंख्य किडे एकत्र श्वास घेत असले की धान्य तापते. तळाकडचे मूठभर धान्य पांढऱ्या कागदावर चाळून खाली पीठ पडते का ते पाहावे. वरचे धान्य स्वच्छ दिसले तरी तळ पाहिल्याशिवाय झाकण लावू नये. पावसाळ्यात उघडीप मिळाली म्हणून धान्य बाहेर काढून अर्धवट उन्हात घालणे टाळावे, कारण दमट हवेत ते सुकण्याऐवजी ओलावा घेऊनच परत येते.

कीड सापडलीच तर ते भांडे लगेच इतरांपासून दूर न्यावे. दोन-तीन किलोंची डाळ किंवा रवा असेल तर घट्ट पिशवीत बांधून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात चार दिवस ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर दाण्यांवर पाणी साचते. धान्य अधिक असेल तर चाळून, पाखडून, कोरड्या दिवसाची संधी साधून प्लास्टिकखाली तापवावे आणि आधी तेच वापरून संपवावे. बुरशीचा वास येत असेल तर ते माणसांनाही नको आणि जनावरांनाही नको. नुसते किडलेले धान्य कोंबड्यांना घालता येते. पण वेखंड, करंज किंवा निंबोळीची पूड लावलेले बियाणे पेरणीनंतर उरले, तर ते कोंबड्यांपुढेही टाकू नये, खड्ड्यात पुरावे आणि तो डबा साबणाने धुऊन पुढच्या वर्षीही बियाण्यासाठीच ठेवावा.